टेस्ला कॉइलचा स्पार्क गॅप तापतोय? आधी हवा मारा

अरे, तुझ्या टेस्ला कॉइलचा (उच्च दाबाच्या विजेच्या ठिणग्या उडवणारं यंत्र) स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, तापतोय म्हणालास ना? दोन स्क्रूंची टोकं समोरासमोर ठेवून सगळेच सुरुवात करतात, मीही केली होती आणि अर्ध्या मिनिटात खालचं ॲक्रिलिक वितळून वाकडं झालं. टोकं लालबुंद झाली की मधली हवा थंड होत नाही, ठिणगी विझायची ती विझतच नाही, मग पांढरी कडकडणारी ठिणगी जाऊन पिवळट ज्योतीसारखं काहीतरी फुरफुरत राहतं आणि कॉइलच्या वरून हवेत उडणाऱ्या विजेच्या रेघा, म्हणजे स्ट्रीमर, गायब. तुझं हेच झालंय.

आत्ता एवढंच कर:
- स्क्रू काढ, अर्धा इंची तांब्याच्या पाइपचे सहा-सात तुकडे शेजारी शेजारी लाव. एका मोठ्या गॅपऐवजी छोटे छोटे गॅप, उष्णता वाटली जाते.
- फटींमधून जोरात हवा जाऊ दे, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर मस्त चालते (आवाजाला घरचे शिव्या देतील)
- एका वेळी वीस-तीस सेकंदच चालव.

आणि स्ट्रीमर वाढावेत म्हणून गॅप रुंद करत बसू नकोस हां, सगळे तिथेच कॉइलला वीज देणारा निऑन ट्रान्सफॉर्मर (निऑन पाट्यांना लागतो तो) जाळतात. गॅपला हात लावण्याआधी प्लग काढ, कपॅसिटर डिस्चार्ज कर, खरंच जीव जातो. रोटरी गॅपचं (फिरत्या टोकांचा गॅप) नंतर बघू.