सर्जनशील होण्यासाठी मोठ्या विचारवंतांची कोणती वचनं रोज वाचावीत?

रोज वाचावं असं एकही नाही. भिंतीवर लावायची असतील तर ती कुठेही मिळतात. मी लिहायला बसलो ते तुम्ही प्रश्नात नमुना म्हणून दिलेल्या वाक्यामुळे: "चांगले कलावंत नक्कल करतात, थोर कलावंत चोरी करतात – पिकासो." या वाक्याशी माझं जुनं वैर आहे.

आमच्या संस्थेची स्मरणिका निघत होती. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे होतं. संपादक आमचे साहेब, आणि त्यांना प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक सुविचार हवाच होता. मुखपृष्ठ आलं. सुरेख होतं, फक्त मी ते आधी पाहिलेलं होतं. एका हयात चित्रकाराचं चित्र, डावं-उजवं उलटवलेलं, निळ्या आभाळाचं केशरी केलेलं. कोपऱ्यातली सही पुसली होती आणि पुसताना तिच्या शेजारच्या गवताची पातीही अर्धी गेली होती.

बैठकीत मी मूळ चित्र समोर ठेवलं. म्हटलं, परवानगी मागू या, निदान नाव तरी छापू. साहेबांनी मुद्रितांचा गठ्ठा ओढला आणि एका पानाच्या माथ्यावर बोट ठेवलं. "हे वाचलंत ना? थोर कलावंत चोरी करतात. तुम्ही पिकासोपेक्षा मोठे का?" सगळे हसले. त्याच ओळीशेजारी समासात मी "आधार?" असं लिहिलं होतं, ते खोडलेलं दिसत होतं. मुखपृष्ठ तसंच छापलं गेलं.

त्या दिवशी बोलू दिलं नाही ते आता बोलतो. पिकासो असं म्हणाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सने ते पिकासोच्या नावावर सांगितलं आणि ते आणखी पसरलं. खात्रीने सापडतं ते टी. एस. एलियट या कवीचं वाक्य, फिलिप मॅसिंजर या जुन्या नाटककारावरच्या १९२० च्या लेखातलं. कच्चे कवी नक्कल करतात, पिकलेले कवी चोरतात, असं तो म्हणतो खरा. पण लगेच पुढे म्हणतो की वाईट कवी घेतलेल्याची नासाडी करतात आणि चांगले कवी त्याचं काही अधिक चांगलं, निदान वेगळं करतात. शिवाय चांगला कवी बहुधा काळाने दूरच्या, परक्या भाषेतल्या किंवा वेगळ्याच विषयात रमलेल्या लेखकाकडून उसनं घेतो. हे सगळं तो मॅसिंजरच्या ओळी शेक्सपिअरच्या ओळींशेजारी मांडून, तपासून बोलतोय. आपल्याच काळातल्या माणसाचं चित्र उलटं करून सही पुसायची परवानगी त्यात मला तरी कुठे सापडली नाही.

संस्कृतीबद्दलच्या वचनांचीही हीच गत. "संस्कृती म्हटलं की माझा हात पिस्तुलाकडे जातो" हे हिटलरचा सहकारी गोअरिंग याच्या नावावर खपतं. मुळात ते हान्स योस्ट या नाझी नाटककाराच्या १९३३ च्या नाटकातल्या पात्राच्या तोंडी आहे. सत्ताधारी गुंडाने असं बोलावं यात नवल काय? एका लेखकाने ते रंगमंचासाठी लिहिलं, हे मला जास्त भयंकर वाटतं. नाव बदललं की विचारच बदलतो तो असा.

आता वाचायचं काय, तर इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फ. 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे १९२९ चं पुस्तक, केंब्रिजच्या मुलींच्या दोन कॉलेजांतल्या व्याख्यानांवरून झालेलं. बाईला लिहायचं तर स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड हवेत, असं ती म्हणते. भित्तिपत्रकांवर त्यातली "स्वतःची खोली" तेवढी येते, पौंड गळतात. निवेदिकेला ते पैसे मुंबईत घोड्यावरून पडून वारलेल्या आत्याकडून मिळतात (हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो). त्याच सुमारास बायकांना मताधिकारही मिळतो, आणि ती सरळ सांगते की दोन्हींत पैसाच मला कितीतरी महत्त्वाचा वाटला. सर्जनशीलतेवर याहून प्रामाणिक मी फारसं वाचलेलं नाही. कॅलेंडरवर मात्र हे कोणी छापणार नाही.

सगळीच वचनं बोगस असतात असं नाही, हे राहिलंच. कल्पनाशक्ती ज्ञानाहून महत्त्वाची, हे आइनस्टाइनचंच, १९२९ च्या मुलाखतीतलं. पण सामान्य सापेक्षतेच्या सिद्धांतासाठी लागणारं गणित त्याने ग्रोसमान या गणितज्ञ मित्राच्या मदतीने घाम गाळून शिकून घेतलं होतं. अभ्यास टाळायला हे वाक्य वापरणाऱ्यांना तेवढं सांगा.

वचन आवडलं तर त्याच्या मागचं-पुढचं पान वाचा. पान सापडत नसेल तर कुणाच्या नावावर छापू नका. आणि कुणाचं चित्र घेतलंत तर नाव टाका, त्याला एक ओळ पुरते. आमच्या स्मरणिकेत छापखान्याचं नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर व्यवस्थित बसले होते.