वाचक विचारतात : पहिल्या अल्बममधला देव

ख्रिस्ती रॅप ह्या गायनप्रकाराविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यात एका नव्या गायकाच्या ओळीच समोर आहेत आणि ओळी समोर असल्या म्हणजे बोलणे हवेत राहत नाही.

प्रश्न : मी बार्देशातील एका हायस्कुलातून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका आहे. माझा एक ख्रिस्ती माजी विद्यार्थी रॅप करतो आणि त्याचा नऊ गाण्यांचा पहिला अल्बम तयार होत आहे. सर्व गाणी त्याच्या श्रद्धेविषयी आहेत. भाषा मराठी असून मधूनमधून कोंकणी शब्द येतात. "बाई, व्याकरण तेवढे बघा" असे म्हणून त्याने वही माझ्याकडे दिली. ओवी-अभंग शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे देवाचे नाव ह्या ठोक्यांवर ऐकणे मला जड जाते. शिवाय काही गाणी प्रवचनासारखी वाटली. एक गाणे वाचून मात्र मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले. मुलाचे वडील जहाजावर नोकरीला होते आणि तो बारावीत असताना ते वारले. दोन्ही प्रकारच्या गाण्यांचे नमुने पाठवते. पहिले गाणे असे सुरू होते : "अंधारातून प्रकाशात मला आणलेस तू, मरणातून जीवनात मला आणलेस तू." सातव्या गाण्यात ह्या ओळी आहेत :

पप्पांचा फोन जहाजावरून, तीनदा मी कापला,
कोंबडा नाही आरवला, माझा हात नाही कापला,
चौथ्यांदा जो वाजला, त्यात आवाज नव्हता आपला,
आता तू बोल.

त्याला मी काय सांगू? (निवृत्त शिक्षिका, म्हापसा)

उत्तर : बाई, आधी तुमची पहिली शंका घेतो, कारण तिचे उत्तर ह्याच भूमीत चारशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट म्हणजे येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. जुनी पुराणे सुटली, मग आता आम्ही वाचावे काय, हा गोव्यातील साष्टी तालुक्यातल्या नवख्रिस्ती लोकांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याला उत्तर म्हणून त्यांनी लॅटिन वृत्त येथे आणले नाही. ज्ञानदेव-एकनाथांनी वापरलेली ओवीच त्यांनी हाती घेतली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले, जे १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ज्या ओवीत तोवर विठ्ठल-कृष्ण गायले गेले होते, त्याच ओवीत बेथलेहेमचा गोठा आला, आणि ती कोठेही अवघडली नाही. पुढे कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, ते तर तुम्ही वर्गात शिकवलेही असेल. तेव्हा ठोक्यांमुळे देवाचे नाव हलके होईल ही भीती मनातून काढून टाका.

आता त्या ओळींकडे वळतो. पहिल्या गाण्यातील वाक्ये खोटी नाहीत, परंतु ती त्या मुलाची नाहीत. अंधार, प्रकाश, मरण, जीवन हे चारही शब्द त्याला प्रवचनातून तयार मिळाले आहेत आणि त्याने ते होते तसे वहीत उतरवले आहेत. यमकाची गतही तीच आहे. "मला आणलेस तू" हा अख्खा तुकडा दुसऱ्यांदा लिहिला म्हणजे यमक साधत नाही, ती नुसती पुनरुक्ती होते. "अंधारातून" आणि "मरणातून" हे केवळ प्रत्ययाचे यमक, आणि मराठीत ते फुकट मिळते. पहिला अल्बम करणारा जवळजवळ प्रत्येक श्रद्धाळू गायक येथे अडकतो. देवाविषयी बोलताना आपल्या हातून चूक होऊ नये ह्या धास्तीने तो निर्विवाद वाक्ये निवडतो, आणि निर्विवाद वाक्याला ऐकणाऱ्याच्या मनात धरायला जागा सापडत नाही.

सातव्या गाण्यात तो असा सांभाळून बोलत नाही. येथे फोन आहे, जहाज आहे, तीन हा आकडा आहे. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्र ह्या शिष्याने येशूला तीनदा नाकारले, ही कथा गोव्यातील ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडलेली असते. मुलाने पेत्राचे नावसुद्धा घेतलेले नाही. त्याने फक्त कोंबडा ठेवला आहे, आणि तोही न आरवलेला. पेत्राला निदान सावध करणारा कोणी होता, मला तोही नव्हता, एवढे सगळे त्या एका नकारात आले आहे. शिवाय "कापला" हा शब्द दोनदा आला तरी येथे पुनरुक्ती नाही. पहिल्या ओळीत फोन तोडला आहे आणि दुसरीत हात थरथरला नाही. जुन्या लेखनात दुसऱ्या शब्दावर अनुस्वार देऊन "कांपला" असे लिहीत, हे तुम्हाला सांगायला नको. एकाच उच्चारात दोन अर्थ बसवणे हे रॅपमध्ये मोठे कसब मानले जाते, आणि आपल्याकडे त्याला यमक अलंकार म्हणतात. तुम्ही दहावीच्या वर्गाला जो शिकवत होता, तोच हा.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली नसेल, तरी ती त्या मुलाला आवर्जून दाखवा. ह्या चार ओळींपैकी पहिल्या तीन यमकाने बांधलेल्या आहेत आणि चौथी आखूड, यमकाविना सोडलेली आहे. ही ओवीच आहे. फादर स्टीफन्स ह्यांची मराठी भाषेच्या गौरवाची प्रसिद्ध ओवी घ्या : "रत्नकिळा", "निळा", "चोखळा" अशी तीन यमके येतात आणि चौथा चरण आखूड होऊन "भासा मराठी" एवढ्यावर थांबतो. तुमच्या वर्गात ऐकलेली ओवी त्या मुलाच्या कानात राहिली आणि ढोलाच्या साथीने बाहेर आली, असे मला मनापासून वाटते. ते वाचून मला फार आनंद झाला.

व्याकरणाविषयी एक कळकळीची विनंती आहे. "कोंबडा नाही आरवला" हे "कोंबडा आरवला नाही" असे दुरुस्त करू नका. रॅपच्या एका ओळीत सहसा चार ठोके असतात आणि त्यांतील दुसरा व चौथा जोराने वाजतो. "आरवला" अर्ध्या ओळीच्या शेवटी आला तरच तो जोराच्या ठोक्यावर पडतो. शब्दक्रम सरळ केला तर वाक्य शुद्ध दिसेल, पण जोर "नाही"वर जाईल आणि "कापला"शी असलेले नाते तुटेल. कोंकणी शब्दही जागचे हलवू नका. मिनिटाला नव्वद ठोके धरले तर सोळा ओळींचे एक कडवे साधारण त्रेचाळीस सेकंदांत संपते, तेव्हा त्याला ते तुमच्यासमोर मोठ्याने म्हणायला सांगा. जेथे त्याचा श्वास पुरणार नाही, तेथे हमखास एखादे भरतीचे विशेषण सापडेल. ते खुशाल काढा. पहिले गाणे टाकून द्यायला मात्र सांगू नका. अंधारातून प्रकाशात तो नेमका कोणत्या दिवशी आला, त्या दिवशी घरात कोण होते, हे त्याला विचारा आणि तेच लिहायला सांगा.

प्रश्न : आमचे भजनी मंडळ आहे. हा ख्रिस्ती रॅप म्हणजे चार दिवसांचे फॅड आहे, की त्याला काही परंपरा आहे? (एक भजनकार, फोंडा)

उत्तर : रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला, आणि त्याची सुरुवात १९७३ सालापासून मोजतात. श्रद्धेची गाणी त्यात यायला फार काळ लागला नाही. १९८५ साली स्टीफन वायली ह्यांची ख्रिस्ती रॅपची कॅसेट निघाली होती. पुढे लक्रे ह्या गायकाने ह्या प्रकाराला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. त्यांचा पहिला अल्बम २००४ सालचा. २०१२ सालच्या अल्बमला सर्वोत्तम गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांच्या) अल्बमचे ग्रॅमी हे संगीताचे पारितोषिक मिळाले, आणि २०१४ सालचा अल्बम अमेरिकेतील सर्व प्रकारच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांच्या सोबत्यांनी आपल्या गटासाठी '११६' हा आकडा निवडला, तो बायबलमधील रोमकरांस पत्रातील पहिल्या अध्यायाच्या सोळाव्या वचनावरून. आपल्याला सुवार्तेची लाज वाटत नाही, असे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेथे म्हणतो. चाळीस वर्षे टिकलेल्या गोष्टीला फॅड म्हणता येणार नाही. तुमच्यासारख्या भजनकाराला तर त्यात ओळखीचे बरेच काही सापडेल. ज्याला ही मंडळी हुक म्हणतात, ते आपले ध्रुवपदच होय, आणि ते सर्वांनी मिळून म्हणायचे असते, हेही तसेच.

प्रश्न : माझा मुलगा जे रॅप ऐकतो ते ख्रिस्ती आहे असे तो सांगतो, परंतु त्यात गायक देवाला जाब विचारतो, "तू कुठे होतास" म्हणतो, निराशेविषयी बोलतो. ह्याला श्रद्धा म्हणायचे का? मला काळजी वाटते. (एक आई, मडगाव)

उत्तर : जाब विचारण्याविषयीची काळजी सोडा. बायबलमधील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतील कितीतरी तक्रारीची आहेत. तेरावे स्तोत्र काढून पाहा. पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कोठवर?" असा प्रश्न येतो, आणि सहाव्या वचनापर्यंत तोच माणूस देवाचे गाणे गाऊ लागतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अखेरपर्यंत अंधारातच राहते, तरीही ते पवित्र ग्रंथातून कोणी काढलेले नाही. क्रुसावर येशूने उच्चारलेला "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा प्रश्न बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. तुकोबा विठ्ठलाशी किती कडाडून भांडले, हे मराठी माणसाला ठाऊकच आहे. जो आहे असे वाटते, त्याच्याशीच माणूस भांडतो.

मात्र निराशेविषयी एक वेगळी सूचना करतो. गाणे जर मुलगा एकट्यानेच आणि पुनःपुन्हा ऐकत असेल, जेवणखाण व झोप बिघडली असेल, तर त्याच्याशी गाण्याविषयी वाद घालू नका. त्याच्या शेजारी बसून तेच गाणे एकदा पूर्ण ऐका, "ह्यातली कोणती ओळ तुझी आहे?" असे विचारा आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नका.

प्रश्न : असे गाणे मिसेच्या वेळी चर्चमध्ये चालेल का? आणि अल्बमच्या पुस्तिकेत शब्द कोणत्या लिपीत छापावेत? (एक तरुण वाचक, दिवाडी)

उत्तर : मिसा ही उपासना आहे, आणि तेथे काय गावे हे ठरवण्याचा अधिकार गायकाचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान देऊन इतर प्रकारांनाही वाव ठेवला आहे. तेव्हा पाद्रींना विचारावे आणि ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नये. वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लदीन म्हणजे सामूहिक प्रार्थना झाल्यावर लोक घोटाळत असतात, तेव्हा एक गाणे म्हणून पाहावे. तेथील म्हातारी माणसे शेवटपर्यंत उभी राहिली, तर शब्द पोहोचले असे समजावे.

लिपीविषयी म्हणाल तर दोन्ही छापाव्यात. गोव्यातील पुष्कळ ख्रिस्ती घरांत रोमी अक्षरेच सहज वाचली जातात, आणि 'ख्रिस्तपुराण'सुद्धा, मराठी असूनही, रोमी अक्षरांतच छापावे लागले होते. डाव्या पानावर देवनागरी आणि उजव्या पानावर रोमी असे समोरासमोर घेतले, तर आजी आणि नातू एकच पुस्तिका मांडीवर घेऊन ऐकू शकतील. देवनागरीत "कापला" आणि "कांपला" असा फरक दाखवायचा की नाही, एवढे मात्र छपाईपूर्वी ठरवून घ्यावे. माझ्या मते दाखवू नये.