केमो, काकडा आणि गार टाळ

आमच्या दवाखान्यात कॅन्सरचा नवीन पेशंट आला की चार पानी फॉर्म भरून घेतात. तिसऱ्या पानावर 'छंद' असा एक रकाना आहे. नानांनी तिथे आडवी रेघ मारली होती. (नाव बदललंय. साताऱ्याकडचे, एवढं पुरे.) वय ६१, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालेलं, आता दर २१ दिवसांनी एक अशा आठ केमो. छंद, काही नाही.

हा माणूस चाळीस वर्षं गावच्या भजनात पखवाज वाजवत होता. मला हे कळलं ते मुलाकडून, तेही बिलाच्या खिडकीकडे जाता जाता. "मॅडम, कोजागरीपासून काकडा बसतोय. नाना जायचं म्हणतात. केमो चालू असताना गेलेलं चालेल का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो. भजनाच्या जागी कधी गच्चीवरच्या कुंड्या असतात, कधी शिवणयंत्र, कधी सकाळचं पोहणं. आणि त्या दिवशी मी घाईत जे उत्तर दिलं, ते आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो. म्हटलं, "जाऊ द्या की. तेवढंच मन रमेल."

मी विचारलंच नाही, की भजनात ते करतात काय. किती वाजता जातात. केमोचं दुसरं सलाइन कधी आहे.

पुढच्या खेपेला नाना एकटे बसले होते, हात मांडीखाली घालून. नानी माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. "यांनी सगळंच सोडलंय ताई. पखवाज माळ्यावर टाकला. पेपर नाही, टीव्ही नाही, पारावर जाणं नाही. घरात पाव्हणा बसावा तसं बसतात. मी विचारलं तर म्हणतात, देवालाच नको असंल."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या सलाइनच्या तिसऱ्या दिवशी नाना पहाटे पाचला देवळात गेले होते. ऑपरेशनला दोन-अडीच महिने झालेले, म्हणून मंडळी म्हणाली, पखवाजाचं ओझं नको, आज नुसता टाळ धरा. पितळी टाळ, रात्रभर गाभाऱ्याबाहेर खुंटीला टांगलेला. नानांनी बोटांत घेतला आणि करंट बसल्यागत हात झटकला. टाळ फरशीवर पडला, गजर थांबला, सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी बसवलं, घोटभर तीर्थ दिलं. गार तीर्थ गळ्याखाली उतरलं आणि घशात कुणी मूठ आवळल्यासारखं झालं. श्वास कोंडतोय असं वाटलं. नाना उठले ते तडक घरी.

"ताई, टाळ सुटला हातातनं. चाळीस वर्सांत कधी सुटला न्हाई. आन् तीर्थ बी घेऊ दिलं न्हाई त्यानं." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

यात देवाचा काही संबंध नव्हता. नानांना सलाइनमधून जे औषध मिळत होतं त्याचं नाव ऑक्सालिप्लाटिन. ते नसांवर परिणाम करतं, आणि सलाइननंतरचे काही दिवस गार वस्तूचा स्पर्श, गार पाणी, गार वारा यांनी बोटांत, ओठांत, घशात झिणझिण्या, चमका, आवळल्यासारखं वाटणं असं होतं. घसा खरोखर बंद होत नाही, पण तसं वाटतं आणि माणूस घाबरतो. बहुतेकांचं काही दिवसांत, आठवडाभरात ओसरतं, पुढच्या सलाइनला पुन्हा येतं.

हे त्यांना सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गार काही नको." पण आपल्याकडे 'गार नको' याचा अर्थ एकच, सर्दी होईल. घरच्यांनी फ्रीजचं पाणी बंद केलं, दही बंद केलं, नानांना मफलर बांधला. टाळही गारच असतो, हे कुणाच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. तेव्हापासून मी 'गार नको' एवढंच म्हणत नाही. स्टीलचा तांब्या, मोटरसायकलचं हँडल, नळाचं पहाटेचं पाणी, दाराची कडी, अशी नावं घेऊन सांगते.

त्या दिवशी मी नानांची माफी मागितली. मग विचारलं, "पखवाजाचं मला काही कळत नाही. वाजवायच्या आधी काय काय करता, पहिल्यापासून सांगा."

सांगताना मांडीखालचे हात बाहेर आले. आधी कणीक मळायची, थोडी सैलसर. ती डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या डाव्या तोंडावर, धुम्यावर, मधोमध थापायची. किती थापायची ते बोटाला कळतं. कमी झाली तर आवाज उघडा पडतो, जास्त झाली तर बसतो. मग उजवी बाजू, शाईची, म्हणजे मधे काळा लेप असलेली. हातोडीने लाकडी गठ्ठे ठोकून सुरात आणायची. मग मांडीवर घ्यायचा. मी लिहून घेत गेले आणि प्रत्येक पायरीपुढे आमच्या भाषेतली अडचण लिहिली. कणीक मळताना गार पाणी. उचलताना ओझं, पोटावर टाके. धुम्यावर उघड्या पंजाची थाप.

शेवटची अडचण सर्वांत मोठी होती, कारण नानांना सलाइनच्या जोडीला गोळ्याही होत्या. कॅपेसिटाबिन, १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, मग ७ दिवस सुट्टी. या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, दुखतात, कधी सालं निघतात, आणि जिथे घासलं-आपटलं जातं तिथे जास्त. नानांना म्हटलं, तळहात दाखवा. "आता भविष्य सांगता का?" म्हणाले. पहिल्यांदाच हसले. तळवे गुलाबी, तुकतुकीत झाले होते. मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी क्रीम दिलं, कडक पाण्यात हात घालू नका म्हणाले, आणि पखवाजाबद्दल एवढंच, की हात लाल असेपर्यंत थाप नाही. गोळ्यांच्या सुट्टीत कातडी निवली की वाजवा, पण थोडं.

मग नानींना म्हटलं, घरात भिंतीवर कॅलेंडर असेलच. त्यांनी त्यावर टिकल्या लावल्या, खऱ्या टिकल्या, पाकिटातल्या. सलाइनपासून पहिल्या आठवड्याला काळी. त्या दिवसांत हातमोजे, कोमट पाणी, पहाटे बाहेर पडायचं नाही. काकडा ऐकायचा तर मुलाने फोनवर लावून द्यायचा. दुसऱ्या आठवड्याला मोठी लाल. बहुतेक केमोत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, म्हणून कोंदट गाभाऱ्यातली दाटी नको. तिसरा आठवडा गोळ्यांच्या सुट्टीचा, पेशीही सावरत आलेल्या. त्याला हिरवी. तो पखवाजाचा आठवडा.

२१ दिवसांतले सात. नानांना हे कमी वाटेल म्हणून मी जरा बिचकतच सांगितलं. पण त्यांना संख्येशी देणंघेणं नव्हतंच. "म्हंजी सोडायचा न्हाई," एवढंच म्हणाले.

तीर्थाचाही मार्ग निघाला. नानी घरून उकळलेलं पाणी कोमट करून थर्मासमधून नेत. पुजारी त्यात धुतलेलं तुळशीचं पान टाकून पळीने देत. गावात या गोष्टी जमतात. शहरातल्या देवळात मी कुणाला हे सुचवायला धजले नसते.

कणीक मळायचं काम नातवाकडे गेलं, आठवीतला पोरगा. इथे वाचणाऱ्याला वाटेल, नातू पखवाज शिकला आणि गोड झालं. तसं काही नाही. पोरगं तीन दिवस बसलं, चौथ्या दिवशी क्रिकेटला पळालं. नाना चिडले, पोराच्या आईने सासऱ्यांचा राग पोरावर नको म्हणून तोंड फिरवलं, घरात दोन दिवस अबोला. मंडळात नानांच्या जागी दुसरा पखवाजी बसायला लागला, त्याचा ठेका नानांच्या मते "लग्नातल्या बँडसारखा". हा मत्सर मला फार बरा वाटला. माळ्यावर पखवाज टाकलेल्या माणसाला मत्सर वाटत नाही.

आणि टिकल्यांनी सगळं भागलंही नाही. काकड्याची समाप्ती नेमकी लाल आठवड्यात आली. नाना हट्टाला पेटले. शेवटी ठरलं, मास्क लावून मंडपाच्या कडेला, उघड्यावर खुर्ची. त्या पहाटे नानींनी सवयीने थर्मामीटर लावला तर १००.६. नाना म्हणाले, आरती होऊ दे, मग बघू. नानींनी ऐकलं नाही. केमोच्या पेशंटला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप म्हणजे थांबून बघायचं नसतं, पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचाही नसतो, आधी दवाखान्याला फोन. तासाभरात गाडी निघाली. तीन दिवस अॅडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. नाना माझ्याशी धड बोलले नाहीत. मीही समजूत घालायला गेले नाही. समाप्ती चुकली होती, वाईट वाटणारच.

इतरांनी विचारलेलं इथे थोडक्यात सांगून टाकते. कुंड्या: पाणी घाला, फुलं बघा, पण माती उकरणं, शेणखत-कंपोस्ट हाताळणं दुसऱ्यावर सोपवा, त्यात बुरशी असते, राहवलंच नाही तर हातमोजे, मास्क, आणि पेशी चांगल्या असतानाच. शिवण-भरतकाम: प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असताना किंवा बोटं बधिर असताना सुई नको. वाचन: एका शिक्षिकेचं रोजचं शब्दकोडं सुटेना म्हणून त्या रडल्या होत्या. केमोत लक्ष लागत नाही, आठवण दगा देते, असं पुष्कळांचं होतं. आम्ही कोडं सोडून जुने अंक चाळण्यावर आलो. पोहणं: तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, छातीत पोर्ट किंवा हातात पिक लाइन (औषध देण्यासाठी बसवून ठेवलेली नळी) आहे का यावर बरंच अवलंबून आहे. आणि चालणं, झेपेल तेवढं, जवळजवळ सगळ्यांना. केमोचा थकवा नुसतं पडून राहिल्याने जात नाही, उलट वाढतो. घरच्यांना हे पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण आपल्याकडे प्रेम म्हणजे 'तू उठू नको, मी आणते'.

पुन्हा नानांकडे. पाचव्या सलाइनच्या आधी डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, बोटं बधिर होतात का, शर्टाची बटणं लावता येतात का. नाना म्हणाले, येतात. खोटं नव्हतं; ते बिनबटणाची बंडी घालायचे. बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, हिरवा आठवडा कसा गेला? म्हणाले, "शाईची कड लागंना बोटाला." डोळे मिटून शाईची कड बोटाने शोधायची त्यांची सवय. काळी शाई आणि पांढरं चामडं यांच्यामधला तो बारीक उंचवटा त्यांना जाणवत नव्हता. आणि हे तिसऱ्या आठवड्यात, गारव्याचा त्रास केव्हाच संपलेला असताना. म्हणजे बधिरपणा आता दोन सलाइनच्या मधेही राहायला लागला होता.

"मग आत का नाही सांगितलंत?"

"औषध बंद केलं तर?"

ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. मी त्यांना पुन्हा आत नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून बोटं तपासली, ऑक्सालिप्लाटिनचा डोस कमी केला. पुढे शेवटच्या दोन खेपांना ते सलाइन दिलंच नाही, गोळ्या चालू ठेवल्या. असं करतात, आणि त्याचा अर्थ उपचार सोडले असा नसतो, हे नानांना दोनदा समजावून सांगावं लागलं. हेही आधीच सांगितलं, की औषध थांबल्यावर दोन-तीन महिने बधिरपणा वाढल्यासारखा वाटू शकतो, मग सावकाश उतरतो, थोडा कायमचाही राहू शकतो.

आता मी फॉर्मवरच्या त्या रकान्याकडे फारशी बघत नाही. विचारते, रोज हात कशात असतात? उत्तरात लसूण सोलणं येतं, विड्या वळणं येतं, गाईची धार येते. आणि पुढच्या खेपेला त्याच कामाबद्दल विचारते.

नानांच्या केमो मार्चमध्ये संपल्या. जूनमध्ये फोन आला. बोटांची टोकं अजून "कापडातनं हात लावल्यागत" आहेत. वारीला फलटणपर्यंत दिंडीबरोबर चालू का, विचारत होते. तपासणीची तारीख काढून बघितली, डॉक्टरांशी बोलून कळवते म्हटलं. पखवाज कोण घेणार, असं विचारलं.

"पोरगं म्हणतंय मी घेतो. पण ताई, कणीक लई लावतंय. आवाज बसतो."