स्टिअरिंग रॅक बदलण्याआधी एवढं बघ

स्टिअरिंगकडून खडखड ऐकली की गॅरेजवाला थेट ‘रॅक गेला’ म्हणतो (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दातेरी दांडा). घाई करू नकोस. बऱ्याचदा दोष टाय रॉडच्या, म्हणजे रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा असतो, आणि ते रॅकच्या मानाने फारच स्वस्त.

गाडी जमिनीवर उभी ठेव, कुणाला तरी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांग आणि तू खाली बघ: नेमका कुठला सांधा ढिला आहे? मग रबरी बूट, म्हणजे रॅकच्या टोकांवरचं घडीचं आवरण, तपास. आपल्याकडे फाटलेल्या बुटातून पावसाळ्यात तांबडा चिखल आत शिरतो, तिथूनच रॅकची झीज सुरू होते. बुटात तेल साचलंय? मग मात्र रॅकच.

बदलायला बसलास तर:

- नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नकोस, स्टँड लाव. (हे मी उगाच सांगत नाही.)
- चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेव. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली वायरची गुंडाळी) तुटते. नवशिक्यांची सगळ्यात महाग चूक हीच.
- स्टिअरिंग शाफ्टच्या जोडावर खूण कर, टाय रॉडचे आटे मोज, म्हणजे परत तसंच बसवता येईल.

काम झाल्यावर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करूनच घे, नाहीतर फोंड्याला जाऊन येईपर्यंत गाडी टायर खायला लागेल. रॅकच्या ॲडजस्टिंग स्क्रूला सध्या हात लावू नकोस.