वाचकांचे प्रश्न : जुनी तबकडी कोणत्या वेगाने वाजवावी?

प्रश्न : जुन्या बाजारात इटालियन ऑपेरागायक कारुसोची एकाच बाजूला मुद्रण असलेली तबकडी मिळाली. ‘टोस्का’ या ऑपेरामधले ‘ए लुचेवान ले स्तेले’ आहे, साथीला फक्त पियानो. टर्नटेबलवर 78 ला लावली की आवाज पातळ येतो आणि गाणे घाईत उरकल्यासारखे वाटते. घरातल्या एका जुन्या नाट्यपदाचेही तेच. तबकड्या खराब आहेत की यंत्र? (कोथरूड)

बहुधा दोन्ही ठीक आहेत, वेग चुकतो आहे. मिनिटाला 78 फेरे हा आकडा सर्वमान्य झाला तो बराच नंतर. 1900 ते 1910 या काळातली तबकडी मिनिटाला 70 ते 80 फेरे यांच्या दरम्यान कुठल्याही वेगाने मुद्रित झालेली असू शकते, आणि एकाच कंपनीच्या दोन तबकड्यांचाही वेग जुळेलच असे नाही. कारुसोने मिलानच्या ग्रँड हॉटेलात 11 एप्रिल 1902 रोजी ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गसमोर पियानोच्या साथीने जी गाणी दिली, त्यांचा वेग 78 पेक्षा कमीच धरावा लागतो. याच गायसबर्गने त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले.

आधी टर्नटेबल तपासा. स्ट्रोबची चकती (हिच्यावर रेघांचे कडे असते, वेग बरोबर असला की विजेच्या दिव्याखाली ते स्थिर दिसते) ठेवून पाहायची, पण आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 77 रेघांचे कडे स्थिर दिसले पाहिजे (तो वेग 77.92 भरतो). अमेरिकेहून मागवलेल्या चकतीवर 92 रेघा असतात. ती इथे उपयोगाची नाही. शिवाय बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा दिसतच नाहीत. त्यासाठी निऑनचा छोटा दिवा किंवा जुन्या चोकची ट्यूबलाइट हवी.

आता पट्टी. तुमचे गाणे छापील स्वरलिपीत बी मायनरमध्ये आहे, म्हणजे पेटीवर पांढरी सातचा षड्ज. पेटीचा स्वर धरून तबकडी लावा. षड्ज पांढरी एकला लागत असेल तर गाणे अर्ध्या स्वराने वर चढले आहे. अर्धा स्वर म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्के फरक, म्हणून 78 वरून 73.6 वर या. पूर्ण स्वराने चढले असेल तर 69.5. त्या काळी युरोपात मध्यम सप्तकातला ए साधारण 435 हर्ट्झला लावत, आजच्या पेट्या 440 च्या आसपास असतात. हा फरक जेमतेम एका फेऱ्याचा आहे, तो शेवटी कानाने जुळवा. बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे पट्टी तपासायला विसरू नका. मुद्रण करतानाच वेग ढळलेला असला तर मधे कुठेतरी जुळेल आणि दोन्ही टोकांना सुटेल.

हा हिशेब ऑपेराला चालतो, कारण संगीतकाराने स्वर ठरवून दिलेला असतो. तरी काही गायक उंच जागा टाळण्यासाठी अर्धा स्वर खाली घेत. म्हणून आवाजाचा कंप ऐका. तो बकरीसारखा थरथरायला लागला तर वेग अजून जास्त आहे. ‘ओ सोले मियो’सारख्या (1898) लोकप्रिय गाण्यांना हा पुरावा लागू नाही. तसली गाणी गायक आपापल्या गळ्याच्या सोयीने वरखाली घेत.

नाट्यपदाला तर छापील पट्टी नसतेच. तिथे साथीची पेटी उपयोगी पडते. तिचे सूर तुमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडत असतील तर वेगाचा संशय घ्या. त्या काळच्या पेट्या एकाच मापाने लावलेल्या नसत, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे बोललेला आवाज. पुष्कळ जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव सांगतो. ते वाक्य माणसाच्या तोंडचे वाटेपर्यंत वेग कमी करा आणि मग पद ऐका. स्त्रीपार्टी नटाच्या बाबतीत जास्त सांभाळावे लागते. त्याचा आवाज मुळातच चढा असायचा, ‘पुरुषाचा वाटत नाही’ म्हणून वेग उतरवत बसलात तर गायकावर अन्याय होईल.

प्रश्न : संगीत नाटक म्हणजे मराठी ऑपेरा, असे म्हणतात ते कितपत खरे? आणि तबकडीवरची पदे इतकी धावती का? (सदाशिव पेठ)

निम्मे खरे. 1900 च्या आसपासच्या इटालियन ऑपेरात संवादही गायले जातात आणि वाद्यवृंद जवळजवळ थांबतच नाही. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये संवाद गद्य, मधे पदे. ही घडण ‘कार्मेन’ या फ्रेंच ऑपेराच्या (1875) मूळ रूपाला जवळची, त्यात संवाद बोलले जात. व्हिएन्नाच्या ‘मेरी विडो’सारखे (1905) ऑपरेटाही (हलकेफुलके ऑपेरे) याच जातीचे. खरा फरक गायकाच्या मोकळिकीत आहे. ‘टोस्का’चा संगीतकार पुच्चिनी याच्या स्वरात गायक फार तर एखादा सूर लांबवेल. ‘मानापमान’मधली (1911) गोविंदराव टेंब्यांची चाल किंवा ‘स्वयंवर’मधली (1916) भास्करबुवा बखल्यांची चाल ही गायकाला दिलेली चौकट असते, पद तो त्या रात्री मांडतो. वन्समोर मात्र दोन्हीकडे होता. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात 1903 साली प्रेक्षक वन्समोरसाठी हटून बसले, तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक टोस्कानिनी प्रयोग सोडून निघून गेला. आपल्याकडे तसे कुणी केले असते तर नाट्यगृह डोक्यावर घेतले असते!

दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास मावते, बारा इंचीवर चारच्या थोडे वर. वरच्या प्रश्नातले ‘टोस्का’चे गाणे तेवढ्यात बसते. मंचावर पंधरा मिनिटे रंगणारे पद बसत नाही. मग लय वाढवायची, अंतरा लगेच घ्यायचा, ताना दोनचार. त्यात तुमचे यंत्रही जास्त वेगाने फिरत असेल तर धाव दुहेरी होते, आणि ‘तेव्हाचे लोक असेच घाईत गात’ हा गैरसमज तिथून निघतो. मुद्रण कर्ण्यातून होई, मायक्रोफोन आला तो 1925 नंतर. कर्णा साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढेच पकडायचा, त्यामुळे तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही, बायाँ ठोकल्यासारखा वाजतो, पेटी ठसठशीत येते. वरच्या सुराला गायकाला एक पाऊल मागे सरकावे लागे, नाहीतर सूर फाटायचा.

प्रश्न : सुई कोणती वापरावी? आणि पावसाळ्यात तबकड्यांवर पांढरी बुरशी येते, स्पिरिटने पुसू का? (औंध)

स्पिरिट अजिबात नको. तबकडीत लाख आहे, ती स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा पुसलेत की चकाकी जाते आणि खाचही. गार डिस्टिल्ड पाण्यात सौम्य लिक्विड साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडे ठेवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच टिपा आणि उभी ठेवून वाळवा. भिजत घालू नका. नंतर नवे कागदी पाकीट द्या, जुन्यात बुरशी शिल्लक असते. कपाटात तबकड्या उभ्याच ठेवा.

चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई एका बाजूला एकच. लाखेत दगडाची भुकटी असते, ती सुईचे टोक खाचेच्या आकाराला घासून घेते. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली तर धारदार झालेल्या कडा खाच खरवडतात, आणि वर साउंडबॉक्सचे (सुई बसवलेल्या डबीचे) शंभर ग्रॅमहून अधिक वजन. दुर्मिळ तबकडी त्यावर लावूच नका. टर्नटेबलला 78 साठीची, सुमारे 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी (एलपीची 0.7 ते 1 मिल, ती खाचेच्या तळाशी घासत खरखर उचलते), वजन 3 ते 5 ग्रॅम. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) स्टीरिओ असेल तर डावा-उजवा आवाज मोनोत, म्हणजे एकाच आवाजात, एकत्र करा, उभ्या हालचालीची खरखर बरीच उतरते. पाथे या फ्रेंच कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर मात्र मोनो करू नका. त्यांची खाच खालीवर कापलेली असते, तिथे गाणेच नाहीसे होईल. त्यांना पोलादी सुईही लावू नये.