फेज्ड अ‍ॅरेचा बीम ६० अंशांवर नेला की मॅचिंग का बिघडतं?

मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांवर रडारचा अँटेना गरगर फिरताना तुम्ही फोंडेकरांनी पाहिलाच असेल. फेज्ड अ‍ॅरे म्हणजे अनेक छोट्या अँटेनांचा (एलिमेंट्सचा) संच; तो मात्र जागचा हलत नाही, एलिमेंट्समधल्या लहरींची फेज (टप्पा) बदलून बीम (लहरींचा झोत) वळवतो. गोम तिथेच आहे. शेजारच्या एलिमेंट्समधून येणारी ऊर्जा प्रत्येक कोनाला वेगळ्या फेजने जमते, त्यामुळे एलिमेंटचा इम्पीडन्स (विद्युत-विरोध) बदलतो आणि फीडशी, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या वाहिनीशी, त्याची जुळणी (मॅचिंग) बिघडते. आदर्श अनंत अ‍ॅरेत, बीम सरळ समोरून ६० अंश वळवला की इम्पीडन्समधला रेझिस्टन्स (रोध) एच-प्लेनमध्ये (चुंबकीय क्षेत्राच्या प्रतलात) दुप्पट, ई-प्लेनमध्ये (विद्युत क्षेत्राच्या प्रतलात) निम्मा होतो, त्यामुळे सुमारे ११ टक्के पॉवर परत येते. फीडमधल्या साध्या मॅचिंग सर्किटला कोन कळतच नाही!

म्हणून उपाय अ‍ॅरेच्या पुढ्यात करायचा. मॅगिल आणि व्हीलर यांनी १९६६ मध्ये मांडलेली युक्ती मला आजही फार सुंदर वाटते: थोड्या अंतरावर डायइलेक्ट्रिकचा (वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाचा) पातळ पत्रा. त्याचा ससेप्टन्सही (लहरीची ऊर्जा क्षणभर साठवून परत देण्याचा गुण) कोनानुसार बदलतो आणि अ‍ॅरेतला बदल बराचसा खोडून काढतो. आम्ही फोमच्या पट्ट्यांवर पत्रा ठेवून पाहिला; पट्टी मिलिमीटरभर जाड घेतली तरी परत येणाऱ्या पॉवरचा आलेख सरकला.

त्याआधी स्पेसिंग (एलिमेंट्समधलं अंतर) तपासा. १० गिगाहर्ट्झला ६० अंशांसाठी ते १६ मिमीच्या आतच हवं. आणि सिम्युलेशन एकट्या पॅचचं (चपट्या एलिमेंटचं) नको, पीरिऑडिक बाउंडरी (तोच तुकडा सगळीकडे पुन्हा येतो असं मानणारी सीमा) लावून युनिट सेलचं, म्हणजे एका एलिमेंटच्या चौकटीचं, करा.