बाल्डर्स गेट 3 या व्हिडिओ गेममध्ये पॅलाडिनची (शपथेने बांधलेल्या धर्मयोद्ध्याची) शपथ मोडली तर पात्र वाया जातं का?

नाही, शपथेतून मिळालेल्या खास शक्ती तेवढ्या जातात. लेव्हल आणि शस्त्रं शाबूत राहतात. मग कॅम्पवर ओथब्रेकर नाइट (शपथ मोडलेला योद्धा) भेटतो. त्याला 1000 सोन्याची नाणी दिली की शपथ परत मिळते, पुन्हा मोडलीत तर 2000. पैसे मोजून पावित्र्य, म्हणजे गंमतच! नाहीतर ओथब्रेकर व्हा: चालत्या-फिरत्या प्रेतांना ताब्यात घेण्यासारख्या काळ्या शक्ती मिळतात. मी दोन्ही करून पाहिलंय, मला दुसरा मार्ग जास्त रंगतदार वाटला. 1998 च्या पहिल्या भागात हिशेब ढोबळ होता, लौकिक फार घसरला की पॅलाडिन पतित. इथे मात्र कृती बघितली जाते, आणि तीही शपथेप्रमाणे: डिव्होशनच्या (भक्तीच्या) शपथवाल्याला निरपराधावर हल्ला भोवतो, व्हेंजन्सच्या (सूडाच्या) शपथवाल्याला दुष्टावर दया.